अनुसयामावशीचा गुंड

कटंगीजवळच्या आमच्या गावात अनुसयामावशी घरात माठ असूनही प्यायचं पाणी पितळी गुंडात, म्हणजे मोठ्या घागरीत, भरून ठेवायची आणि सकाळी पहिला गिलास नातीला, खुशीला द्यायची. "पितळीतलं पाणी लेकराच्या अंगी लागते," हे तिचं ठाम मत. दर दिवाळीआधी गुंडाला आतून कथलाची कल्हई व्हायची, ती हिरालालच्याच हातची. मावशीला सख्खा भाऊ नाही. कल्हईवाल्या हिरालालला ती तीस वर्षं राखी बांधत आली.

दोन वर्षांपासून खुशी सुकत चालली होती. पोट दुखायचं, शाळेत लक्ष लागेना. मावशीने खापर हातपंपावर फोडलं आणि माझ्या मागे लागली, कारण मी बालाघाटला पाणी तपासायचं काम करते. आमच्याकडे कागदी पट्ट्या असतात. त्यांवर सोन्याचे, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक कण बसवलेले; पाण्यात शिसं असलं की लाल पट्टी निळी पडते.

"सोन्याच्या? मंग पदराखाली झाक व माय, चोरी होईन!" मावशी हसली.

पंपाच्या पाण्यात पट्टी लालच राहिली. माठातल्या पाण्यातही लालच. गुंडातल्या पाण्यात निळी झाली. मी तीनदा करून पाहिलं, तीनदा निळी. पुढे खुशीच्या रक्तातही शिसं निघालं आणि गोंदियाला तिचे उपचार सुरू झाले.

राखीला हिरालाल आला. मावशीने ती निळी पट्टी त्याच्यापुढे ठेवली.

"कथलात शिसं मिसळत होता का रे?"

"सबच मिसळतेत, बाई. खरं कथील कोणाले परवडते?"

"सबचं सोड. माह्या घरी काहून?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. बहीण म्हणायचं आणि केसाने गळा कापायचा! पण मावशी शांतपणे उठली, त्या दिवशी मुद्दाम भरून ठेवलेल्या गुंडातलं पाणी गिलासात ओतलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"पे."

त्याने गिलासाला हात लावला नाही. मग मलाही आठवलं. आधी हा इथे आला की गुंडातलंच पाणी प्यायचा. गेली काही वर्षं मात्र "बाई, माठातलं दे, थंड लागते," म्हणायचा, अगदी हिवाळ्यातही. आम्ही त्याची थट्टा करायचो.

मावशीने गिलास खाली ठेवला.

"खुशी झाली त्या सालापासून तू माठाचं मांगतेस, हिरालाल. तुले मालूम होतं. अन् माही नात तुह्या डोळ्यापुढं रोज हेच पेत होती."