घासलेली शिवराई

देवाचं तांब्याचं ताम्हण आमसुलाने घासताना जो आंबट वास येतो, त्याने मला अजून थोरल्या जावेची शिवराई आठवते. मराठेशाहीतलं ते तांब्याचं नाणं शेतात भाताचा तरवा लावताना चिखलात मिळालं. आम्ही दोघी एकाच ओळीत वाकलेल्या, पण नाणं आलं तिच्या पायाखाली. काळपट हिरवं, ओबडधोबड गोल, आणि हातोडीने ठोकताना ठसा सरकल्यामुळे एका बाजूला नुसतं ‘छत्र’ उमटलेलं, ‘पति’ कडेबाहेर गेलेलं. सगळी वाडी ते बघायला यायची, कौतुक तिचं व्हायचं आणि चहा मी करायचे. एकदा ती कट्टा गावच्या बाजाराला गेली असताना जुनी नाणी जमवणारे एक मास्तर आले. मला म्हणाले, “वहिनींना सांगा, ते घासू नका म्हणावं. अक्षरं आधीच झिजलीत, आहेत तीही जातील.” मी मान डोलावली आणि तिला काही सांगितलं नाही. दिवाळीत ती पूजेच्या भांड्यांबरोबर शिवराईही घासायला घेऊन बसली. आमसुलं कमी पडली, तेव्हा आणखी मूठभर मीच आतून आणून दिली. राखेने, काथ्याने घासून घासून नाणं लालबुंद झालं आणि ‘छत्र’ पार गेलं. तिने ते पदराला पुसून माझ्या तळहातावर ठेवलं. “ह्या तू ठेव गो. तुझो जीव त्याच्यात आसा, माका ठावक आसा.” पुढे घरं वेगळी झाली आणि नाणं माझ्या देव्हाऱ्यात आलं. दर दिवाळीला मी सगळं तांबं घासते, तेवढं एक सोडून.