ह्यूबर्ट क्लॅम्पची सपाट हिरवळ

ह्यूबर्ट क्लॅम्पनं आयुष्यात दोनच गोष्टींना जीव लावला: बायको विनी आणि बारीक कापलेलं गवत. आधी कोण, ते विचारू नका. विनीनंही कधी विचारलं नाही. बाई शहाणी होती.

तरुणपणी तो नेदर थॉर्पलिंगच्या चर्चमंडळाचा कारभारी झाला आणि त्याच वर्षी सुंदर गावाचं बक्षीस पलीकडच्या अपर थॉर्पलिंगनं पळवलं. परीक्षकांनी शेरा मारला होता, ‘चर्चच्या आवारात गवत माजलंय.’ झालं! ह्यूबर्टच्या अंगाचा तिळपापड झाला. गवत माजलं कशानं? तर थडग्यांवरच्या शिळांनी. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीपासून अगदी अलीकडपर्यंतच्या त्या काळ्या शिळा, कुणावर पंखवाला देवदूत, कुणावर कवटी, सगळ्या वाटेल तशा कललेल्या. मधून गवत कापायचं यंत्र फिरवायचं कसं? मग यानं ठराव आणला. शिळा उपटून कुंपणाच्या भिंतीला ओळीनं टेकवायच्या, उंचवटे सपाट करायचे, आणि यापुढं कुणी मेलं तर शिळा उभी करायची नाही. जमिनीत, गवताच्या पातळीला, बशीएवढी पाटी बसवायची.

“अन् खाली आहेत त्यांचं काय?” कुणीतरी विचारलं.

“त्यांची काही तक्रार आलेली नाही,” ह्यूबर्ट म्हणाला. सगळे हसले, चहा-केक झाला, ठराव मंजूर झाला. कोण कुठं पुरलंय याचा साधा नकाशा काढून ठेवावा, हे एकाच्याही टाळक्यात आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बक्षीस मिळालं. तेव्हापासून ह्यूबर्ट जो मिरवायला लागला तो थांबलाच नाही. पाहुणे आले की त्यांना भिंतीजवळ नेऊन छाती फुगवून सांगायचा, “हा आमचा ऐतिहासिक वारसा!” कॅनडाहून कुणी आपल्या खापरपणज्याला शोधत यायचं, भिंतीशी गुडघे टेकून डोळे पुसायचं. त्या शिळेखाली खापरपणजा कुठला, नुसता पावसाच्या पाण्याचा नळ! आणि हा पठ्ठ्या शेजारी टोपी काढून गंभीर चेहऱ्यानं उभा.

मग उतारवयात विनी गेली. हिरवळीच्या मधोमध तिला पुरलं, बशीएवढी पाटी बसवली. वसंतात गवत वाढलं. ह्यूबर्ट बाकावर बसला होता, तेव्हा यंत्र घरघरत आलं आणि विनीच्या नावावरून तसंच पुढं गेलं. जराही अडखळलं नाही. अडखळू नये म्हणूनच तर नियम होता! म्हातारा तिथंच ढसाढसा रडला. पेरलं होतं तेच उगवलं होतं. पण विनीला कशाला शिक्षा, एवढंच त्याला कळेना.

तिच्यासाठी उभी शिळा हवी, नाव दुरून दिसेल अशी, हे त्यानं मनावर घेतलं. त्यासाठी नियम मोडायला हवा, आणि नियम मोडायला मंडळाची मतं हवीत. तो घरोघर फिरला. घंटा वाजवणारा पर्सी हॅलम म्हणाला, “हात वर करतो की. फक्त माझा चुलतआजा नक्की कुठं आहे तेवढं दाखव.” ह्यूबर्टनं बेधडक फाटकाजवळच्या जुन्या येवच्या झाडाकडं बोट केलं. मुरंबेवाल्या अगाथा पिमनं पणज्याचं विचारलं. येवखाली! नोरा टिब्जनं आजीचं विचारलं. तीही येवखाली!

बैठकीच्या दिवशी चहा ओतून झाला आणि नोरा उभी राहिली.

“ह्यूबर्ट, माझी आजी येवखाली, बरोबर?”

“अगदी बरोबर.”

“आणि पर्सीचा चुलतआजा?”

ह्यूबर्टनं घाईनं कपात आणखी साखर घातली.

“तोही येवखालीच म्हणालास मला,” पर्सी म्हणाला.

“अन् आमचा पणजा!” अगाथा ओरडली.

“काय रे, एकमेकांच्या उरावर बसलेत काय सगळे?” नोरा म्हणाली. “येवच्या मुळांत कुदळ तरी शिरते का? थाप मारायची तर जरा जागा तरी बदलायचीस, मेल्या!”

बैठक चालवणाऱ्या पाद्रीबाई खोकल्या. कुणी केककडं पाहिलं नाही.

“मला माहीत नाही,” ह्यूबर्ट अखेर पुटपुटला. “कोण कुठं आहे, काहीच माहीत नाही. आम्ही लिहून ठेवलंच नाही. पण नोरा, माझ्यावरचा राग विनीवर काढू नकोस गं. ती यंत्राखाली पडलीय. मला बघवत नाही.”

नोराचा आवाज खाली आला. “माझी आई मरेपर्यंत त्या गवतात अंदाजानं फुलं ठेवायची. आज इथं, उद्या तिथं. आणि तू ती उचलून कचऱ्यात टाकायचास. का, तर यंत्रात अडकतात.”

पाद्रीबाईंनी मत विचारलं. ह्यूबर्टचा हात वर गेला. एकटाच. तो बराच वेळ वरच राहिला, कारण खाली घ्यायचं त्याला सुचेना.

नोरानं कोट चढवला. दाराशी जाऊन ती वळली.

“रोज जाऊन बस तिच्याजवळ,” ती म्हणाली. “तुझी विनी कुठं आहे, हे तुला निदान ठाऊक तरी आहे.”