खोगीर घेऊन मुळशीला

प्रवासाची वर्णनं लिहितात ते सगळे पुरुष. त्यांना डोंगर दिसतो, नदीचं वळण दिसतं, पण वाटेत बाईमाणसानं आडोशाला कुठं जायचं हे एकालाही दिसलेलं नाही. म्हणून मी तेच आधी सांगते. पुण्याहून मुळशीला निघालात तर बावधनच्या खिंडीत डाव्या हाताला घाणेरीची दाट झुडपं आहेत, तिथं गाडी थांबवून घ्या. पुढं भूगावपर्यंत उघडा माळ आहे. गाडीवान कुरकुरला तर कुरकुरू द्या.

मी निघाले त्याला कारण घडलं कोंडाबाई. ही मुळशीकडची. आंबेमोहोर तांदळाची पाटी घेऊन आमच्या पेठेत यायची. मी तेव्हा एका बाईंच्या शिवणवर्गात काजं-बटणं करत होते. त्याआधी सूतिकागृहात चादरी धुवत होते, आणि त्याच्याही आधी शाळेत होते, पण खिडकीबाहेर फार बघते म्हणून मास्तरांनी घरी बसवलं. सूतिकागृहात एक गोष्ट बघितली ती डोक्यातून गेली नाही. अडलेल्या बाळंतपणातून सुटलेल्या काही बायांची लघवी पुढं राहायचीच नाही. उठली की ओली, खोकली की ओली. घरी जाताना त्यांना कोणी काही सांगायचं नाही. चादर माझ्याकडे यायची आणि बाई जायची.

म्हणून मी आपली एक वस्तू शिवली होती. सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर, आत फलाटणीचं मऊ कापड, कमरेला पट्टा, पट्ट्याला बक्कल. कँपातल्या दुकानात साहेबाच्या मडमांसाठी असलं काहीतरी टांगलेलं पाहिलं होतं, त्यावरून. वर्गातल्या बाईंनी ते बघून पदर नाकाला लावला. कोंडाबाईनं मात्र पाटी खाली ठेवून ते उलटंपालटं केलं.

"ह्ये कशापायी?"

मी सांगितलं. तिनं ती वस्तू पाटीवर ठेवली. मग म्हणाली, "माजी भावजय हाय, ठकी. पोर झालं तवापास्नं तिला धरवत न्हाई. पोर बी ऱ्हायलं न्हाई. आता कंपनीच्या धरणात आमची खाचरं बुडनार, म्हून गावच्या समद्या बाया त्येच्या पायावर जाऊन बसनार हायेत. काम बंद पाडायचं. ठकी म्हनती मी बी येनार. पर ती कशी बसंल? घटकाभरात उठावं लागतंय तिला."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हनलं घरी ऱ्हा. वास येतो, बाया नाक मुरडत्यात." हे तिनं तांदळाचा भाव सांगावा तसं सांगितलं. "तुजं ह्ये चालतंय का?"

मी म्हटलं, चालतं. कोणी घालून बघितलेलं नव्हतं, पण म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या गावाकडच्या बैलगाडीत बसले. घरी सांगितलं की शिवणाच्या कामाला जाते, ते खोटंही नव्हतं. घरच्यांनी सोबत कोण ते विचारलं, मी म्हटलं तांदूळ. मोटारही पौडापर्यंत जाते, पण धरणाच्या सामानातून उरलेली जागा मिळते आणि तोंडात धूळ जाते. बैलगाडी बरी. भाकरी घरून न्या, पिरंगुटला ताक मिळतं आणि चांगलं मिळतं. तिथं ओढ्याच्या अलीकडे करवंदीच्या जाळ्या आहेत. आडोसा उत्तम, काटे सांभाळा.

कासार आंबोलीच्या शिवारात मेंढरं बसवली होती. धनगरांची तीन-चार बिऱ्हाडं, आणि एकजण मेंढी उताणी पाडून कातरत होता. लोकर अशी सबंध उतरत होती, जणू मेंढीनं अंगरखा काढला. मी गाडीतून उडी मारली आणि बघत उभी राहिले. बैल पुढं गेले.

"ह्या पोरीला गाठोड्यात बांधून आनायला पायजे व्हतं," कोंडाबाई मागून ओरडली.

तिथल्या धनगरणीनं मला घोंगडीवर बसवलं आणि वाटीत दूध दिलं. मी मेंढीकडे बघत होते, त्यामुळं निम्मं दूध घोंगडीवर सांडलं. वाटलं, गेली तिची घोंगडी. तिनं नुसती झटकली. दुधाचे मणी टपाटप मातीत पडले. "मेंढराचं तेल हाय त्यात," ती म्हणाली, "पानी बी लवकर शिरत न्हाई." मी बरं म्हटलं आणि पुन्हा मेंढी बघायला लागले. कोंडाबाई परत आली ती माझा कान धरायलाच.

पौडाला मुक्काम केला, गाडी तिथवरच होती, म्हणून दुसऱ्या दिवशी चालत निघालो. चालणाऱ्यांनी पहाटे निघावं, पुढं सावली कमी आहे. खोरं उघडलं आणि मी पुन्हा थांबले. दोन्हीकडे डोंगर आणि मध्ये भाताची खाचरं, उन्हाळ्यात कोरडी पडलेली. जागोजागी काळे चौकोन दिसत होते. पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजली होती, रोपं टाकण्याआधी भाजतात तशी. त्याला राब म्हणतात. आणि त्या काळ्या चौकोनांतच चुन्यानं रंगवलेल्या खुंट्या ठोकल्या होत्या.

"खुंट्या कंपनीच्या," कोंडाबाई म्हणाली. "पानी हितवर येनार म्हनत्यात."

"मग राब कशाला भाजला?"

"भात कशात टाकायचं मग?"



ठकूबाई माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. घराच्या मागं शेळ्यांच्या गोठ्याशेजारी तिचं अंथरूण होतं. कोणी टाकलं होतं असं नाही, तिनंच हलवलं होतं. मला वाटलं होतं रडेल, लाजेल. तिनं माझ्या हातातली वस्तू घेतली, बक्कल खटखट वाजवून बघितलं.

"ह्ये बैलाला की मला?"

मी समजावलं. ती आत जाऊन घालून आली, आणि विहिरीपर्यंत जाऊन परत आली. परत येताना पाय फाकून चालत होती.

"बाय, चालताना कुई कुई वाजतंय. मागनं कुत्र्याचं पिल्लू येतंय काय म्हनून दोनदा वळून बगितलं."

कोंडाबाईला हसू आवरेना. मला आवरलं, कारण तिच्या मांड्या लाल झाल्या होत्या. रबराखाली घाम धरला होता आणि कमरेचं बक्कल काष्ट्याखाली रुतत होतं. मी ती वस्तू घाघऱ्याखाली घालायच्या बेतानं शिवली होती. मडमेच्या अंगासाठी. मी स्वतः नऊवारी नेसते, माझी आई नेसते, आणि शिवताना मला एकदाही ते सुचलं नव्हतं.

"मग न्हाई जमायचं?" ठकूबाईनं विचारलं. आवाज साधाच होता, पण तिनं वस्तू परत दिली नाही, धरून ठेवली.

"तू ऱ्हा घरी," कोंडाबाई म्हणाली. "आमी बसतोय की."

"वन्सं, खाचर तुमच्या एकटीचं हाय व्हय? रोपं कोन लावतंय त्यात? वाकलं की गळतंय, तरी लावतीय का न्हाई?"

मी गोठ्याच्या दाराशी बसले. डोक्यात मेंढी आली, आणि मेंढीच्या मागून दुधाचे मणी आले. वळणीवर एक जुनी घोंगडी टांगली होती.

"ही कोणाची?"

"मालकाची."

मी म्हटलं, यावर पाणी ओतून बघू. ओतलं. बराच वेळ वर थांबलं, मग खालून एक-दोन थेंब आले. रबरासारखं नाही, पण अंगाला हवा लागणार होती. ठकूबाईनं माझ्याकडे बघितलं, उठून विळा आणला, आणि मी कात्री काढेपर्यंत घोंगडीचा कोपरा कापला होता.

"अगं ठके, दादा काय म्हनंल?"

"म्हनू द्या. मी म्हनंन, बसायला घेतली."

दुपार सगळी त्यात गेली. पट्टा काढला, बक्कल काढलं. काष्टा स्वतःच घट्ट बसतो, मग पट्टा कशाला? दोन टोकांना लुगड्याच्या काठाचे बंद लावले, काष्टा ओढताना तो त्यांतून घालायचा, म्हणजे तुकडा हलत नाही. खाली घोंगडी, वर अंगाला जुनं मऊ लुगडं, आणि मध्ये पातळ पिशवीत चाळलेली राख, राबाचीच. राख ओल पिते आणि वास दाबते. पिशवी काढून राख बदलायची, कापड धुवायचं. आकाराबद्दल आमचं भांडण झालं. मी मध्ये रुंद म्हणत होते, ती म्हणाली मध्ये अरुंद, "मांडी माजी हाय." तिचं बरोबर निघालं. शेवटी जे तयार झालं ते तिनं हातावर तोललं.

"खोगीर झालं बग ह्ये."

तेच नाव राहिलं.

धुतलेल्या चिंध्या ती गोठ्याच्या अंधारात, पेंढ्याखाली वाळवायची. मी म्हटलं, अंधारात वाळत नाही, कुजतं, त्यानंच आग होते. उन्हात टाका.

"वाटंवर? मानसं जात्यात."

"जाऊ देत."

तिनं टाकल्या नाहीत. 

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया निघाल्या तेव्हा मीही मागं गेले. बघायला म्हणूनच, पण रिकाम्या हातानं उभं राहायला मला येत नाही, म्हणून बसले. धरणाच्या पायाचा चर होता आणि त्याच्या कडेला दगड रचलेले. बाया दगडांवर आणि चराच्या तोंडाशी बसल्या. मजूर पाट्या खाली ठेवून बघत राहिले. ठकूबाई सगळ्यांत कडेला बसली, सवयीनं. सकाळ गेली. ती उठली नाही. दर थोड्या वेळानं माझ्याकडे बघायची आणि मान किंचित हलवायची, म्हणजे बरं चाललंय.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा मुकादम आला. आवाज चढवलेला नव्हता त्यानं. म्हणाला, "बायांनो, झालं आता. उठा. पोरंबाळं घरी हायेत." दोघी-तिघी चुळबुळल्या. माझं लक्ष ठकूबाईच्या दगडाकडे गेलं. दगडावरून एक काळी ओघळ खाली आली होती. बोटभर रुंद. खोगिराला जेवढं पेलायचं तेवढं पेलून झालं होतं.

तिला कळलं. शेजारणीलाही दिसलं, आणि ती जरा सरकली. मुकादमालाही दिसलं असावं, कारण तो तिच्याकडेच वळून म्हणाला, "बाई, तुमी तरी उठा."

ठकूबाईनं दगडाला दोन्ही हात लावले. मला वाटलं उठतेय. तिनं बूड आणखी मागं सरकवलं आणि टेकून बसली.

"दोन वर्सं उठतीय मी," ती म्हणाली. "जेवनातनं उठली, लग्नातनं उठली, नवऱ्याजवळनं उठली. आज न्हाई उठत."

 तेवढ्यात कोंडाबाई आपल्या जागेवरून उठली, आली, आणि मधल्या मोकळ्या जागेत जाऊन बसायला लागली.

"वन्सं, तिकडं सरका. ओलं हाय हितं."

"ऊन हाय," कोंडाबाई म्हणाली आणि बसली. "वाळंल."

दिवस कलेपर्यंत तिथून कोणीही हललं नाही. त्या दिवशी त्या जागी दगड बसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा ठकूबाईच्या कुंपणावर, वाटेच्या अंगाला, चिंध्या, पिशव्या आणि खोगीर ओळीनं वाळत होतं. एक माणूस बैल घेऊन चालला होता. बघितलं त्यानं. बैल थांबले नाहीत, तोही थांबला नाही.

येताना पौडापासून मोटार मिळाली आणि मी भूगाव येईपर्यंत झोपले. त्यामुळं मधल्या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

आता तुम्ही विचाराल, धरण थांबलं का? नाही थांबलं. दुसऱ्या दिवशी दगड बसायला लागले, बाया पुन्हा गेल्या, आणि हे असंच चाललं आहे. कोंडाबाई परवा तांदूळ घेऊन आली तेव्हा म्हणाली, ठकी आता मधोमध बसती, आणि शेजारच्या गावच्या दोघींना खोगीर हवंय. दादाची उरलेली घोंगडीही गेली. खोरं बघायचं असेल तर लवकर जा. मी सांगितलेला पिरंगुटचा आडोसा राहील, पण पुढं मुळशीच्या खाचरांच्या कडेला आंब्याखाली एक आहे, तो फार दिवस राहील असं वाटत नाही.

मी इथं घोंगडीचे तुकडे कापते आहे. राख दुपटीनं घालायची, आणि मागची बाजू बोटभर लांब ठेवायची, एवढं त्या दगडावर शिकले. शिवणवर्गाच्या बाई म्हणाल्या, असलं माझ्या यंत्रावर नको. म्हटलं बरं, हातानं शिवते. काल पहिली दोन धुऊन मी रस्त्याकडच्या गजावर टाकली. बाई खिडकीशी आल्या.

"अगं, जाणारे-येणारे बघताहेत. आत टाक ते."

"ऊन बाहेर आहे," मी म्हटलं.