आईनं नाशकात आणलेलं दोडक्याचं बी

थांबा, हे आत्ताच सांगून टाकते, पोटात राहत नाही!

नाशकात महिनाभर खोल्या बघितल्या, एकट्या पोरीला कुणी देईना. शेवटी तिसऱ्या मजल्यावर एक मिळाली. गावाहून, खोडाळ्याहून आई बघायला आली, तीही पदराच्या गाठीत दोडक्याचं बी घेऊन. आमच्याकडं नवं घर झालं की आधी वेल लावतात, ती छपरावर चढली की घर आपलं.

आईनं मालकीणबाईंना विचारलं, "ताई, वेल कुठून चढवू?"

"अहो मावशी, अकरा महिन्यांचा करार आहे. खिळासुद्धा मारायचा नाही, वेल कसली लावता?"

आई हसली. मग हळूच मला म्हणाली, "बाराव्या महिन्यात तू कुठं जाशील गं?"

राहायला आले खरी, पण घर फार आठवतं. सामान अजून पिशव्यांतच आहे, बाहेर काढावंसंच वाटत नाही. तुमचंही झालंय का असं?