नदीची ओटी आणि धाकट्या जावेचं घर

धाकटी जाऊ नदीकाठी घर बांधणार, हे मला कळलं पिठाच्या गिरणीवर. गिरणीवाल्याच्या बायकोनं सहज विचारलं, "धाकटीचं काम कवा सुरू व्हायलंय?" मी "बघू" म्हणाले आणि डबा घेऊन तरातरा घरी आले. घरची गोष्ट आपल्याला बाहेरून कळावी याचा राग आला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण ते खरं नव्हतं. पोटात दुखत होतं ते घराच्या नावानं.

आता एवढी वर्षं झाली, लपवून काय मिळणार? मी हेवा करणारी बाई आहे. आणि सगळ्यांत जास्त हेवा मी माझ्या धाकट्या जावेचा केला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, ती चौथी पास. पगार माझा, मान माझा, अर्ज लिहून घ्यायला गाव माझ्याकडं यायचं. तरी बाया विहिरीवर जमल्या की तिच्याभोवती जमायच्या. काय होतं तिच्यात, मला कधी समजलं नाही.

देवगाव फाट्यावरून आत गेलं की दुधना नदीच्या काठी आमचं गाव. आमचे मालक थोरले, ते शेती बघायचे. दीर सेलूला पंचायत समितीत कारकून. वाटणीच्या दिवशी आमचे मालक सगळं अर्धं अर्धं करायला निघाले होते, पण मी दाराआड बसून एकेक गोष्ट सुचवत गेले. गावातलं माळवदाचं घर आमच्याकडं आलं. काळं रान आमच्याकडं आलं. त्यांना ओढ्यापलीकडचा तुकडा आणि नदीकाठचं बरड, जिथं तूरसुद्धा धड उभी राहत नव्हती. जाऊ तांदूळ निवडत बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "नदीकाठचं आमच्याकडं हाय ना?" त्या संध्याकाळी मी मनात लय हसले. म्हटलं, बाईला काही कळत नाही.

ती गंगथडीची, गोदावरीकाठच्या गंगाखेडच्या बाजूची. मी चारठाण्याची, आमच्याकडं जुनी देवळं ढीगभर, पाणी मात्र विहिरीचं. धुणं झालं तरी ही नदीवर बसून राहायची. पाण्याकडं बघत. त्याला मी आळस म्हणायचे, चारचौघींत म्हणायचे, आणि ती हसायची.

गिरणीवरून आले त्याच आठवड्यात ती स्वतः सांगायला आली. माझ्याच अंगणात काडीनं रेघा ओढून तिनं मला घर दाखवलं. दोन खोल्या, न्हाणी, आणि नदीच्या अंगाला लांब ओसरी. "खोल्या लहान झाल्या तर होऊ द्या," ती म्हणाली, "ओसरी मोठी पायजे. तिथून पाणी दिसंल. शाळा सुटली की तुमी तिथंच यायचं, आक्का." मी "छान हाय" म्हणाले. ती गेल्यावर मी त्या रेघा झाडून काढल्या, आणि झाडताना माझ्या घराकडं बघितलं. बोळीतलं घर. वारा म्हणून नाही. पावसाळ्यात माळवदातून माती गळते, उन्हाळ्यात विंचू पडतात. हे मी मागून घेतलेलं. आणि फेकून दिल्यासारखं जे बरड तिला दिलं, त्यावर आता स्लॅबचं घर आणि नदीचा वारा. अंगाचा तिळपापड झाला.

दिराला घरासाठी कचेरीकडून पैसे मिळणार होते, पण त्याआधी एक कागद हवा होता. जागा नदीकाठची, म्हणून ती पुराच्या पाण्याबाहेर आहे असा पाटबंधारे खात्याचा अभिप्राय लागत होता. तो नसेल तर परवानगी नाही. यासाठी ओव्हरसियर येऊन पाहणी करणार, तलाठी पंचनामा करणार. एकदा ठरलं आणि मोडलं, कारण त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून देवगाव फाट्यावर रास्ता रोको झाला आणि ओव्हरसियरची जीप तिथूनच परत गेली. मला बरं वाटलं. फाट्यावर लोक कशासाठी उन्हात बसलेत याचं मला काही नव्हतं, जावेचं काम अडलं एवढ्यानं मी खूश. असं माझं मन त्या वेळी झालं होतं.

पुढच्या आठवड्यात ओव्हरसियर आला. तरुण, सावळा, हळू बोलणारा. तीन पायांची दुर्बीण, आणि कोतवालाच्या हातात आकडे लिहिलेली उंच पट्टी. गावातली दहा-बारा माणसं जमली. त्यानं विचारलं, आजवरचा सगळ्यात मोठा पूर कुठपर्यंत आला होता?

पुरुषांची लगेच भांडणं. कुणी म्हणे नदीकडच्या चिंचेपर्यंत, कुणी म्हणे चिंचेच्याही खाली. खरं सांगायचं तर हे पुरुषांना ठाऊकच नसतं. पूर आला की ते जनावरं सोडवायला पळतात. पाणी कुठं थांबलं हे बायांना ठाऊक असतं, कारण आमच्याकडं पाणी चढायचं थांबलं की तिथं जाऊन नदीची ओटी भरायची रीत आहे. खण, नारळ, हळदकुंकू. त्या वर्षी लग्न होऊन आलेल्या सुनेनं ती भरायची. मोठा पूर आला ते माझ्या लग्नाचं वर्ष. गावात त्या साली दुसरी नवी नवरी नव्हती. सासूबाईंनी मला एकटीलाच हाताला धरून नेलं होतं, आणि चिंचेच्या मुळाशी मी ओटी भरली होती. पायांना पाणी लागत होतं, ते थंड पाणी मला अजून आठवतं. सासूबाई तर तोवर वारल्या होत्या. म्हणजे नक्की ठाऊक असलेली मी एकटीच.

तलाठ्यानं विचारलं, "बाई, तुमी सांगा. ओटी तुमीच भरली होती म्हणतात."

जाऊ समोर उभी होती. तिच्या चेहऱ्यावर अगदी विश्वास होता. आक्का सांगतील आणि काम होईल, असा. तो विश्वास बघून मला कीव यायला हवी होती. उलट मला वाटलं, हिचं सगळं कसं सरळ होत जातं. आणि मी म्हणाले, "मारुतीच्या पारापाशी भरली."

पार चिंचेपेक्षा चांगला खांद्याइतका उंच. एक म्हातारा काहीतरी बोलायला गेला, तर दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. मास्तरीणबाई कशाला खोटं बोलतील? नदीच्या ओटीवरून तर कुणीच खोटं बोलत नाही. तलाठ्यानं लिहून घेतलं, मी खाली सही केली. माझी सही वळणदार आहे, त्या दिवशीही ती वळणदारच आली.

ओव्हरसियरनं पारावर पट्टी धरायला लावली, दुर्बिणीतून बघितलं, मग नदीकाठच्या जागेवर जाऊन बघितलं. जागा पारापेक्षा गुडघाभर खाली भरली. दिराचं तोंड उतरलं. ओव्हरसियर म्हणाला, परवानगी मिळेल, पण जोतं तेवढं उंच घ्यावं लागेल. दीर मनातल्या मनात हिशेब करायला लागला आणि मी मान वळवली, कारण मला हसू येईल अशी भीती वाटली.

एवढ्यावर संपलं असतं तर मी ही गोष्ट कुणाला सांगितलीच नसती. पण ओव्हरसियर म्हणाला, पूररेषा एका जागेपुरती आखता येत नाही, गावातही दोन-चार खुणा कराव्या लागतील. माणसं पांगली. तो, तलाठी आणि कोतवाल बोळीबोळीनं पट्टी धरत निघाले. चहा आमच्या घरी ठरला होता, जाऊ चहा टाकायला पुढं गेली.

तिघं आमच्या दारात आले. कोतवालानं भिंतीला पट्टी लावली, ओव्हरसियरनं बोळीच्या तोंडाशी दुर्बिणीत बघत हात वर केला, अजून वर, अजून वर. आणि कोतवालानं माझ्या भिंतीवर गेरूचा पट्टा ओढला. माझ्या छातीइतका उंच.

मी म्हणाले, आमचं घर तर उंचावर आहे. बोळ चढून यावं लागतं. तो म्हणाला, बोळ चढते, पण आधी ती पारापासून किती उतरते ते ध्यानात येत नाही. पाणी सगळीकडं एकाच पातळीत राहतं. त्याच्या बोलण्यात टोचणं नव्हतं. मी पोरांना हेच शिकवत होते, बाटलीत रंगीत पाणी घालून.

मग त्यानं भिंतीवरून हात फिरवला, आणि माझ्याकडं बघत विचारलं, "पाणी पारापर्यंत आलं होतं, तर तुमच्या या घरात छातीइतकं शिरलं असणार. शिरलं होतं का?"

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. नाही म्हणावं तर खोटी ठरते, सही करून, गावासमोर, नदीच्या ओटीवर. हो म्हणावं तर ही कच्च्या विटांची भिंत उभी आहे. छातीभर पाण्यात ती एक रात्र टिकली नसती, आणि हे त्या माणसाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तलाठीही लिहायचा थांबला.

दारातून जावेचा आवाज आला. तिच्या हातात चहाचं ताट होतं.

"शिरलं होतं की साहेब," ती म्हणाली. "ही भिंत पडली होती. मागून नवी घातली. आमच्या सासूबाई सांगायच्या."

ओव्हरसियर तिच्याकडं बघत राहिला. जोतं वाढणार ते हिचंच, हे त्याला माहीत होतं. हिनं खोटं बोलायचं कारण त्याला दिसेना. त्यानं मान हलवली आणि कप उचलला.

ते गेले. जाऊ चुलीपुढं कप विसळत बसली. मी उभीच. शेवटी मीच विचारलं, तुला कुणी सांगितलं भिंत पडली होती म्हणून? तिनं वर बघितलं नाही. म्हणाली, "मला ओटीची जागा ठाऊक हाय, आक्का. लग्न झालं त्याच साली सासूबाईंनी चिंचंखाली नेऊन दाखवली. थोरलीनं हितं भरली म्हणाल्या."

"मग बोलली का नाहीस?"

"परक्या माणसापुढं थोरल्या जावंला खोटं पाडू का मी?" तिनं कप पालथे घातले. "जोतं काय, घेऊ वर."

एवढंच. ना रडली, ना भांडली. भांडली असती तर मी भांडले असते, त्यात मला कोण हरवणार होतं? तिनं मला काही करायलाच ठेवलं नाही.

नंतर चावडीवर नोटीस लागली. कुणाची हरकत असेल, कुणाला काही दुरुस्ती सांगायची असेल, तर महिन्याच्या आत लेखी कळवावी. गावातले सगळे अर्ज मीच लिहायचे. एक अर्ज माझ्या नावानं लिहायचा होता, तीन ओळींचा. ओटी पारापाशी नव्हे, चिंचेखाली भरली. माझी चूक झाली. मी कागद काढला, समास आखला, 'माननीय तहसीलदार साहेब' लिहिलं आणि थांबले.

भीतीनं थांबले असं मी पुढं मालकांना सांगितलं. भीती होती, नाही असं नाही. पण खरं कारण ते नव्हतं. मला दिसत होतं, हा अर्ज गेला की जोत्याचा खर्च वाचून तिला तिची ओसरी मिळणार. शिवाय थोरलीला सांभाळून घेतल्याचं मोठेपणही तिचंच. दोन्ही तिचं, आणि माझ्या वाट्याला गावभर नाचक्की. त्यातली एक तरी गोष्ट तिला मिळू नये असं मला वाटलं. कागद मी वहीत ठेवला. महिना गेला.

घर झालं. आठ पायऱ्यांचं जोतं, अख्ख्या गावातून दिसतं. दगड, मुरूम, मजुरी, सगळं त्या जोत्यात गेलं. दोन खोल्या आणि न्हाणी झाली. ओसरी झाली नाही. पुढं कधीतरी करू असं दीर म्हणायचा, पुढं मुलींची लग्नं आली, ती राहूनच गेली.

मी जाते कधीकधी. ओसरी नाही म्हणून आम्ही वरच्या पायरीवर बसतो. पायरी अरुंद आहे, नदीकडं तोंड करून एकीलाच नीट बसता येतं. ती मला तिथं बसवते आणि आपण भिंतीकडं तोंड करून, नदीकडं पाठ करून बसते. मी कितीदा म्हटलं, तू बस इकडं. ती म्हणते, मी रोज बघते, तुमी बघा.

मी पाण्याकडं बघत चहा पिते. आणि एवढं सगळं होऊनही, खोटं कशाला सांगू, तेव्हाही मला तिचा हेवाच वाटतो.