वर म्हणजे कुठं

मी ज्या मॅडमकडं काम शिकते त्या खेड्यातली घरं काढतात. काढतात म्हणजे कागदावर काढतात, बांधतात गवंडी. एवढं एक वाक्य आईला समजावून सांगायला मला दोन वर्षं लागली. आमच्या निरगुडसरच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मी नक्की काय शिकते हे सगळ्यांना सांगायची जबाबदारीही माझ्याच गळ्यात. "घर गवंडी बांधतोय, मग पाच वर्षं तू काय शिकणार?" असं आई विचारायची, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही नीट उत्तर येत नव्हतं.

चौथ्या वर्षाला सहा महिने प्रत्यक्ष कामावर जावं लागतं. वर्गातल्या बहुतेकांनी पुण्यातली मोठी ऑफिसं गाठली. मी जुन्नरला आले. खेड्याची सेवा वगैरे काही मनात नव्हतं. घरून एसटीनं जाऊन-येऊन करता येत होतं, एवढंच.

मॅडम मी जन्मायच्या आधी पुण्याहून इकडं आल्या. सुरुवातीला त्या धरणाच्या कडेला शहरातल्या लोकांची फार्महाउसं करायच्या. मालक वर्षातून चार वेळा येणार, बाकी दिवस कुलूप. "घर काढलं मालकासाठी, राहिला राखणदार," त्या सांगतात, "मग म्हटलं, आपण राखणदाराचंच घर काढू या की." त्यांचं खेड्यातलं पहिलं घर आणे गावच्या पठारावर झालं. निजायच्या खोलीला लागून त्यांनी हौसेनं एक देखणी न्हाणी दिली, उंच झरोका वगैरे. वर्षानं बघायला गेल्या तर न्हाणीत छतापर्यंत कांदा. घरधनी खूश होते. "लई ब्येस खोली दिलीत बाई, हवा खेळती हाय, एक कांदा सडला न्हाई!" अंघोळ सगळे बाहेर दगडावरच करत होते.

तेव्हापासून मॅडम आधी त्या-त्या कुटुंबाच्या जुन्या घरात अर्धा दिवस नुसत्या बसतात, मगच पेन्सिल उचलतात. चहा पितात आणि विचित्र प्रश्न विचारतात. चपला कुठं काढता? पहिला चहा कुठं पिता? रुसल्यावर कुठं जाऊन बसता? या शेवटच्या प्रश्नाला सगळं घर हसतं आणि मग सगळी बोटं एकाच कोपऱ्याकडं जातात.

मी चार महिने खिडक्यांच्या जाळ्या काढत होते. फक्त जाळ्या. मग एका सोमवारी मॅडम म्हणाल्या, "डिंगोऱ्याचं घर तू काढ. आखणी नीट झाली, पाया खणला गेला, की ते घर तुझं. शेवटपर्यंत तूच बघायचं. गडबड केलीस तर परत जाळ्या."

मी "हो" म्हणाले आणि जिन्यात जाऊन दोन मिनिटं एकटीच हसले. आनंद झाला की मला हसूच येतं, त्याला इलाज नाही.

डिंगोरे हे ओतूरजवळचं गाव, तिथलं हे कुटुंब टोमॅटो करणारं. भाऊ, म्हणजे घराचे मालक, आणि वहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी. मॅडम आणि मी जाऊन रान मोजून आलो, प्रश्न विचारून आलो. मग त्यांच्या घरात दोन आठवडे चर्चा झाली आणि शेवटी भाऊंचा मला फोन आला.

"ताई, लिवून घ्या. सैपाकघर वरल्या अंगाला. पडवी खालल्या अंगाला. एवढं झालं की आमचं काय म्हणणं न्हाई."

मी लिहून घेतलं. आठ दिवस मी मनानं त्या कागदावरच्या घरातच राहिले म्हणा ना, एसटीतसुद्धा. स्वयंपाकघर कागदाच्या वरच्या बाजूला, पडवी खालच्या बाजूला. कोपऱ्यात उत्तरेचा बाण. मॅडमनी खोल्यांची मापं तपासली, दोन दारं हलवली आणि म्हणाल्या, "चांगलंय गं." मी नकाशा भाऊंना मोबाईलवर पाठवला. लगेच उत्तर आलं, "एक नंबर. जसं पायजे तसं."

आखणीच्या दिवशी मॅडमनी मला एकटीलाच पुढं पाठवलं. आखणी म्हणजे कागदावरचं घर जमिनीवर उतरवणं: खुंट्या ठोकायच्या, दोऱ्या ताणायच्या आणि दोरीखालून फक्कीची, म्हणजे पांढऱ्या भुकटीची, रेघ ओढायची. भाऊ नारळ आणि जेसीबी आणायला ओतूरला गेले होते, जेसीबी अकराला पोचणार होता. मी, मिस्त्री आणि त्यांचे दोन गडी. मोबाईलमध्ये उत्तर दिशा बघितली, पहिली खुंटी ठोकली, आणि दोन तासांत माझं घर रानात उमटलं. मी काढलेल्या रेघा पहिल्यांदाच माझ्यापेक्षा मोठ्या झाल्या होत्या. मी दिवाणखान्यातून निजायच्या खोलीत, तिथून परत दिवाणखान्यात अशा उगाच चार चकरा मारल्या. दारातूनच. भिंतीवरून जायला मन होईना.

मग वहिनी आल्या. फक्कीच्या दारापाशी थांबल्या, चपला बाहेर काढल्या आणि ढेकळांतून अनवाणी आत आल्या. मला इतकं भरून आलं की मी मिस्त्रींकडं बघायचंच टाळलं.

"सैपाकघर कंचं?"

"हे, वहिनी. हा ओटा, आणि ही समोर खिडकी."

वहिनी ओट्याच्या जागी उभ्या राहिल्या. समोर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ताई, हितून तर जाऊबाईंचा संडास दिसतोय."

मी बघितलं. दिसत होता. निळ्या दाराचा, अगदी खिडकीच्या मधोमध.

"मंजी आता जल्मभर भाकरी थापताना मी कोण आत गेलं, कोण बाहीर आलं, ते मोजू व्हय?"

मिस्त्रींनी तोंडावर पंचा धरला. गडी तर खालीच बसले. वहिनी मात्र हसत नव्हत्या. "मी ह्यांना सांगितलं व्हतं, सैपाकघर वरल्या अंगाला. हीर दिसली पायजे, गोठा दिसला पायजे. गाय व्यायला झाली तर मला चुलीपासनं कळाया पायजे."

"वहिनी, वरच आहे की." मी कागद पुढं केला. "हे बघा. वर."

"अवो, कागदाचं वर कुठं घेऊन बसला? वर मंजी वर!" आणि त्यांनी हात केला मावळतीला, माळशेजच्या डोंगराकडं.

मी कागद खाली केला. वर म्हणजे घाटाकडं. खाली म्हणजे नदी वाहते तिकडं, उगवतीला. आमच्याकडं सगळं जग असंच आहे. आई "वरल्या वावरात जा" म्हणाली की मी लहानपणी डोळे झाकून मावळतीला पळायची. ही भाषा मला कुणी शिकवावी लागली नव्हती. पुण्यात कॉलेजात तीन वर्षं उत्तर वर धरून बसले आणि तेवढ्यात मी ती विसरलेसुद्धा.

तेवढ्यात भाऊ मोटारसायकलवरून नारळ घेऊन आले. जेसीबी अजून ओतूरहून निघायचा होता. त्यांनी रेघा बघितल्या आणि म्हणाले, "आरं तिच्या, घर आडवं का पडलंय?"

"भाऊ, तुम्ही तर नकाशा बघून एक नंबर म्हणालात!"

"मग व्हताच की एक नंबर! वर सैपाकघर, खाली पडवी. बराबर."

"आणि हा उत्तरेचा बाण? तो नाही बघितला?"

भाऊंनी कागद डोळ्यांजवळ नेला. "ह्यो व्हय? मला वाटलं तुमी डोंगर दावलाय."

मग मात्र वहिनीसुद्धा हसल्या. एकच कागद, आम्ही दोघांनी बघितलेला, दोघांनाही अगदी बरोबर वाटलेला, आणि दोघांची घरं वेगवेगळ्या दिशेला तोंड करून बसलेली. मलाही हसू फुटलं, थांबेचना. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्यातलं थोडं हसण्याचं नव्हतं. परत जाळ्या.

मी बाजूला जाऊन मॅडमना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. पलीकडून काही शब्दच येईनात, नुसतं हसणं. "डोंगर?" त्या म्हणाल्या, "डोंगर दाखवलाय?" आणि पुन्हा हसणं. मग एकदम नेहमीचा आवाज. "मी अकरापर्यंत पोचते. तोवर काय करायचं ते तू ठरव."

घर माझं राहिलं की गेलं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मलाही विचारवलं नाही.

मिस्त्री शांत होते. "ताई, घाबरायचं काय त्यात. रान मोकळं हाय. घर उचलायचं आन् पाव फेरा फिरवायचं." आम्ही खुंट्या उपटल्या. माझं घर मी पायानं पुसलं, त्याचंही हसू आलं. नव्या दोऱ्या ताणल्या. पडवी उगवतीला गेली, स्वयंपाकघर मावळतीला. आता खिडकीसमोर विहीर, गोठा आणि मागं डोंगर. वहिनी पुन्हा चपला काढून आत आल्या, बघितलं, आणि "हां," म्हणाल्या.

पण मी ओट्यापाशी उभी राहिले आणि मला दुपारचं ऊन आठवलं. मावळतीची खिडकी. चैत्रात चार वाजता इथं भाजून निघणार. कागदावर हा प्रश्न आलाच नव्हता, कारण कागदावर ही खिडकी उत्तरेला होती.

"वहिनी, दुपारी इथं ऊन घुसेल. भांडी कुठं घासता तुम्ही?"

"मागल्या दाराला. अशी." आणि त्या बाहेर जाऊन उकिडव्या बसल्या, एक पाय जरा पुढं, उजवा हात फिरत असलेला.

मी फक्कीचं घमेलं घेतलं आणि त्यांच्याभोवती रेघ ओढली. मग गोठ्याकडून बादली घेऊन येणाऱ्या बाईला वळता येईल एवढी ती रेघ सरकवली. मागची पडवी. हिच्या छपरानं ऊनही अडणार होतं. ही पडवी नकाशात नव्हती. ती मी कुणालाही न विचारता जमिनीवर काढली होती.

मॅडम आणि जेसीबी एकदमच आले. मॅडम घरात शिरल्या, खोल्याखोल्यांतून फिरल्या, स्वयंपाकघरात थांबल्या आणि मावळतीकडं बघून म्हणाल्या, "चार वाजता काय?"

मी मागच्या पडवीकडं बोट केलं. त्यांनी ती पडवी पावलांनी मोजली. वहिनींकडं बघितलं. वहिनी म्हणाल्या, "माझ्या मापाची हाय, बाई."

रानात पुसलेल्या आणि नव्या रेघांचा काला झाला होता. जेसीबीवाल्यानं मान बाहेर काढून मॅडमना विचारलं, "ओ बाई, ह्यातली कंची रेघ धरू?"

"मला काय विचारतोस?" मॅडम बांधावर जाऊन बसत म्हणाल्या. "घर तिचं आहे."

मी घरातून धावतच बाहेर आले, या खेपेला सरळ भिंत ओलांडून. जेसीबीच्या पुढं उलटी चालत, दोन्ही हातांनी रेघ दाखवत, मी त्याला पहिल्या कोपऱ्यापर्यंत नेलं, तिथं भाऊ नारळ फोडून उभे होते. इंजिनाच्या आवाजात कुणाला काही ऐकू येत नव्हतं, म्हणून मी मनसोक्त हसून घेतलं. मग बाजूला झाले आणि खणायची खूण म्हणून हात खाली केला.