आई ओळखत नाही तो सीन

"पोरं हसत नाहीयेत," विनीतसर माझ्या कानाशी कुजबुजले.

चिंचवडच्या एका छोट्या हॉलमध्ये आमच्या पिक्चरचं टेस्ट स्क्रीनिंग चालू होतं. म्हणजे पिक्चर पुरा व्हायच्या आधी साध्या प्रेक्षकांना दाखवायचा आणि ते कुठे हसतात, कुठे चुळबुळ करतात ते बघायचं. आसपासच्या कामगारांची कुटुंबं बोलावली होती. विनीतसर प्रोड्यूसर. मी तळवड्याच्या स्टुडिओत स्टोरीबोर्ड आर्टिस्ट. प्रत्येक सीन आधी मी चौकटीचौकटीत काढते, कॉमिकसारखा. मग बाकीचे लोक त्यावरून कॉम्प्युटरवर पिक्चर बनवतात. रंग अजून भरले नव्हते. पडद्यावर माझी स्केचेसच हलत होती.

गोष्ट साधी होती. वीटभट्टीवर राबणारी गाढवीण आणि तिचं शिंगरू. दोघांची ताटातूट होते. पुढे तिची दृष्टी जाते, मालक तिला सोडून देतो. शिंगरू शोधत येतं, पण आता ते मोठं झालंय, आवाज बदललाय. ती ओळखत नाही. घाबरून मागे सरते. मग ते काही न बोलता तिच्या शेजारी उभं राहतं आणि लहानपणी करायचं तसं तिच्या पोटाला डोकं घासतं. तिचे कान हळूहळू वर होतात. बस, एवढंच. संवाद नाही, म्युझिक नाही.

या सीनला हॉल चिडीचूप. माझ्या पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली आणि आईच्या मांडीवर जाऊन बसली. आईने पडद्यावरची नजर न काढता तिला जवळ घेतलं.

सोमवारी स्टुडिओत मीटिंग झाली. विनीतसर, मी आणि आमचे डायरेक्टर सलीमभाई.

"हा सीन ड्रॅग होतोय," विनीतसर म्हणाले. "कोणी बोलत नाही, हसत नाही. लोक मोबाइल काढतील."

"सर, कोणी काढला नाही. पोरं गप्प होती, कंटाळली नव्हती. एक मुलगी तर आईच्या मांडीवर जाऊन बसली."

"म्हणजे घाबरली."

"घाबरली नाही. तिला आई हवीशी वाटली."

"मॅडम, हे मी वरच्यांना कसं दाखवू? हसणं दाखवता येतं."

हल्ली सगळीकडे हेच. सुरुवातीला गोष्ट असते. मग कोणी म्हणतं पळापळी हवी. कोणी म्हणतं हीरोकडे एखादी शक्ती हवी. खलनायक शेवटी चांगलाच निघाला पाहिजे. आणि मनातलं सगळं पात्राने तोंडाने सांगायचं, नाहीतर म्हणे मुलांना कळत नाही. माझ्या मुलीबरोबर मी असले पिक्चर बघते. काम असं की हात जोडावेत, प्राण्याच्या अंगावरचा केसन्‌केस हलतो. पण कुठल्या पात्राला काय हवं होतं, हे पार्किंगपर्यंत येईतो विसरलेलं असतं.

मी म्हटलं, सीन निम्मा करते, पण मुका ठेवा. विनीतसरांनी मान हलवली. नाही म्हणून.

ते गेल्यावर सलीमभाई बराच वेळ चहाचा कप फिरवत बसले. गोष्ट मूळ त्यांची. "त्यांना हवा तसा काढून दे, मंजूताई," ते म्हणाले. "मी अडून बसलो तर प्रोजेक्ट जाईल. बाहेर एवढी पोरं कामाला आहेत. त्यांना काय सांगू?"

मी नवा सीन काढला. शिंगरू लांबूनच ओरडतं, "आई, तू कायम माझ्या हृदयात होतीस!" गाढवीण म्हणते, "मला ठाऊक होतं, बाळा!" मग माकडं येतात आणि नाच. जुन्या सीनला महिना गेला होता. हा जेवायच्या सुट्टीआधी झाला.

पिक्चर लागला तेव्हा पिंपरीत जाऊन पाहिला. मी, मुलगी आणि नवरा संतोष. तो चाकणला कंपनीत आहे, फर्स्ट शिफ्ट करून आला होता. माकडांना लोक हसले. गाढविणीच्या सीनला शेजारचे पॉपकॉर्न आणायला उठले. वाईट काहीच नव्हतं, चांगलंही काही नव्हतं.

घरी येताना रिक्षात सासूबाईंचा बीडहून फोन आला. संतोषने स्पीकरवर टाकला.

"बघितला का रं सूनबाईचा पिक्चर? काय गोष्ट हाय?"

"एक गाढव असतं, आई."

"मंग?"

"मग ते... लय पळतं. माकडं नाचतात. भारी काढलंय सगळं."

"आन् मंग?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मुलीने आठवून पाहिलं, तिलाही माकडांच्या पुढे जाता येईना. शेवटी मी फोन घेतला आणि आमची जुनी गोष्ट सांगितली. ती ओळखत नाही आणि मागे सरते, इथवर आले. पलीकडे काही आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"मंग वळखलं का गं तिनं?" सासूबाईंनी विचारलं.

"वळखलं, आई."

पिक्चर बरा चालला. दुसरा भाग काढायचं ठरलंय, सलीमभाईंनी मात्र नाही म्हणून सांगितलं. इतक्या वर्षांत मला एवढंच कळलंय, की हसण्याचा आवाज मोजता येतो, गप्प बसण्याचा येत नाही. म्हणून कात्री नेहमी तिथेच लागते. सध्या मी माकडांच्या लग्नाचा सीन काढतेय.